न आलेल्यांची यादी

पहिल्या तासाला मार्लिस हक्काराइनेन बाईंनी
फळ्यावर काहीच लिहिलं नाही.
आम्हा नऊ जणांना एकेक पाना दिला,
म्हणाल्या, चला, झोपाळे बघून येऊ.

थंडर बेमध्ये सप्टेंबर सरत आला होता,
सुपीरियरवरून येणारा वारा कानात सुया खुपसत होता.
आमच्या पदवीचं नाव एका दमात म्हणता येत नसे :
उद्यानं, मनोरंजन सेवा, आणि पुढे आणखी काहीबाही.
घरी बाप हसला होता,
खेळायला शिकायची फी भरतोस?

बाईंनी साखळीची एक कडी चिमटीत फिरवली.
झीज डोळ्यांना दिसत नाही, म्हणाल्या,
बोटांना कळते.
मग झोपाळ्याखालचा लाकडाचा चुरा पट्टीने मोजायला लावला.
चार बोटं कमी भरला, तर ती तूट
कुणातरी पोराचं मनगट भरून काढतं.
हे मी वहीत लिहून घेतलं नाही.
गरजच पडली नाही.

वर्षभर मग विमा, परवाने, अंदाजपत्रकं,
बुडणाऱ्याला पाठीमागून कसं धरायचं,
वाढदिवसाचा मांडव कुणाला आधी द्यायचा यावरून
हातघाईवर आलेली दोन कुटुंबं कशी शांत करायची;
आणि संडास.
ऑफिसात बसून बाग चालवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं,
बाई म्हणायच्या, आणि फडकं पुढे करायच्या.

जानेवारीत रात्री अकराला रिंकवर पाणी सोडायला जायचो.
उणे सत्तावीस.
पापण्या एकमेकींना चिकटायच्या.
पाईप माझ्या हातात, नळावर डार्सी वाबास.
एकदम ओतलंस तर आत पोकळी राहील, तो म्हणाला,
पातळ थर दे, थांब, मग दुसरा.
बाकी सगळ्या जगात पाणी कुठेतरी मुरत असतं,
इथे मात्र ते मुरू द्यायचं नव्हतं.
आमच्या रिझर्व्हवर मामा करतो हे काम, डार्सी म्हणाला,
वीस वर्षं,
ट्रकचे दिवे लावून,
पदवी न घेता.
मी काही बोललो नाही.
दुसरा थर दिला.

शेवटची परीक्षा मे महिन्यात.
एका बागेत पहाटेपासून अंधार पडेपर्यंत बसायचं.
आलेल्यांची मोजदाद पालिका करतेच, बाई म्हणाल्या,
तुम्ही न आलेल्यांची यादी आणा.

दुपारपर्यंत माझा कागद कोरा.
दोन खारी, एक पतंग, काठावर जॉगिंग करणारे तेच ते सात.
जे नाही ते कसं बघायचं?

मग रस्त्यापलीकडे, बसथांब्यावर
वॉकर धरून उभी असलेली एक बाई
बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.
चार लेनची रहदारी.
बस आली.
ती गेली.

मी लिहिलं : वॉकरवाली बाई.
त्याखाली लिहिलं : कागद गिरणीतले रात्रपाळीवाले,
कारण फाटक नवाला बंद.
त्याखाली : डोक्यावरून ओढणी घेणाऱ्या तीन मुली,
पोहण्याच्या तलावाच्या जाळीपाशी आल्या, नियमांची पाटी वाचली
आणि परत फिरल्या.
हात थांबेना.
मग पार्किंगपासून काठापर्यंत चालून पावलं मोजली.
दोनशे दहा.
वाटेत बसायला काही नाही.
लिहिलं : माझा बाप.
खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो
सरोवर फक्त हवामानाच्या बातम्यांत बघतो.

बाईंनी लाल पेनाने एवढंच विचारलं :
बाक नेमका कुठे?
मी नकाशावर टिंब दिलं.

टिंबाचा बाक व्हायला सहा वर्षं लागली.
चार अर्ज, दोन नगरसेवक,
एकदा तर तो गोल्फच्या मैदानावर निघाला होता.
तोवर मी त्याच पालिकेत चिकटलो होतो, किल्ल्यांचा जुडगा कमरेला.

बाप एकदाच येऊन बसला.
एकशे चार पावलं चालून, धापा टाकत.
बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.
म्हणाला, लाकडाचा करायला हवा होता,
लोखंड गार लागतं.

मी खिशातून वही काढली
आणि नोंद केली.